माठाच्या जागी खड्डा

ज्या घरचं पाणी तपासायला जायचं, त्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा माझा नियम आहे. नियम साधा, पण आपल्याकडे पाळायला महाकठीण. मराठवाड्यात दारात पाऊल टाकलं की आधी तांब्या पुढे येतो, मग ‘कोणतं गाव’ विचारतात. तो तांब्या परत पाठवणं म्हणजे त्या घराला नावं ठेवणंच. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत मिळून मी आजवर किती मावश्यांना नाराज केलं असेल, याचा विचार मी करत नाही. केला तर झोप लागणार नाही.

नियमामागे भीती नाही. नायगावकडच्या एका वस्तीवर आमच्यातला एक जण भिडेखातर पेलाभर पाणी पिऊन आला. नमुन्याच्या बाटल्या अजून बर्फाच्या पेटीत होत्या आणि वस्तीभर झालं की प्रयोगशाळेचे साहेब पिले, म्हणजे पाणी पास. ते निस्तरता निस्तरता आमच्या सरांच्या नाकी नऊ आले. तेव्हापासून मी माझी बाटली घेऊनच गाडीतून उतरते आणि पाठ फिरवून पिते. पाठ फिरवल्यानं कुणाचं समाधान होतं असं मात्र नाही.

नांदेडच्या एका प्रयोगशाळेसाठी मी नमुने गोळा करते. जिथं जमिनीत तेल किंवा रसायन मुरल्याची शंका असते, तिथं आम्हाला बोलावतात. बोअरचं पाणी घ्यायचं आणि मातीतली हवा घ्यायची. मातीतली हवा म्हटलं की लोक माझ्याकडे जरा काळजीनं बघतात. पण पेट्रोलसारखी वस्तू जमिनीत मुरली की तिची वाफ मातीच्या कणांमधल्या पोकळीत भरून राहते. वर घर बांधलं तर ती फरशीच्या फटीतून घरात येते आणि माणसाला कळतही नाही. म्हणून हातानं फिरवायच्या गिरमिटानं कमरेएवढा खोल, बारीक खड्डा पाडायचा, त्यात बोटापेक्षा बारीक नळी उभी करायची, भोवती वाळू टाकायची, वरून ओली फुगणारी माती ठोकून तोंड बंद करायचं. नळीला टोपी लावायची. मग काही दिवस थांबायचं, माती शांत होऊ द्यायची, आणि परत येऊन त्या नळीतून हवा ओढून घ्यायची.

हे काम वासाचं आहे, त्यामुळे कामाच्या दिवशी मी पावडरही लावत नाही. केसांना तेल नाही, हाताला मलम नाही. गाडीत उदबत्ती लावायची नाही आणि डिझेल आदल्या दिवशीच भरून ठेवायचं. गाडी चालवणारे मामा किनवटकडचे. त्यांची बिडी मी बंद केली, त्याचा राग त्यांनी अजून सोडलेला नाही. ‘म्याडमच्या नाकावर राग आन् नाकात मशीन हाय,’ असं ते चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगतात. मला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात. मी ऐकलं नाही असं दाखवते, कारण बोलणं खरंच आहे.

ही गोष्ट उदगीरच्या अलीकडच्या एका गावातली. रस्त्याला लागून एक पेट्रोल पंप होता, तो कित्येक वर्षांपूर्वी बंद पडला. पत्रे गेले, खांब उरले, आणि जमिनीखालच्या टाक्या तशाच राहिल्या. त्याला लागून एका घरच्या वावराचा तुकडा होता. त्या घरातला मुलगा उदगीरला डाळ मिलमध्ये नोकरीला. तो, त्याची बायको आणि त्याची आई, एवढं कुटुंब. भावकीच्या घरात एका खोलीत ते राहत होते आणि या तुकड्यावर आपलं घर बांधायला काढलं होतं. जोतं झालं, बोअरला गोड पाणी लागलं. आणि कुंपणाच्या भिंतीजवळ शोषखड्डा खणताना मातीला पेट्रोलचा वास आला. गवंडी हत्यारं ठेवून उठला. काम बंद.

आम्ही पोचलो तेव्हा तिघंही जोत्यावर उभे होते, पाहुणे यायचे असल्यासारखे. सूनबाईच्या हातात तांब्या आणि वर उलटा पेला. मी नेहमीचं वाक्य म्हटलं, ‘वहिनी, राग मानू नका, मला चालत नाही,’ आणि पाठ फिरवून माझ्या बाटलीतलं प्याले. वळून बघितलं तर तिचा चेहरा उतरला होता.

‘म्हंजे खराबच हाय की,’ ती म्हणाली.

‘तसं नाही. तपासल्याशिवाय मी काहीच सांगत नसते.’

‘मग तपासल्यावर पिताव का?’

या प्रश्नाचं उत्तर मला कुणी कधी मागितलं नव्हतं. मी मोटर चालू करायला सांगितली.

बोअरचं पाणी घेतानाही लोकांना माझा राग येतो. कारण मी आधी मोटर चालू करून पाणी नुसतं वाहू देते. पाइपात साचलेलं शिळं पाणी निघून जावं, खालचं ताजं यावं, यंत्रावरचे आकडे स्थिर व्हावेत, मगच बाटली धरायची. ज्या भागात टँकरमागे घागरी घेऊन पळालेली माणसं आहेत, तिथं चांगलं पाणी जमिनीवर सोडून देणारी बाई म्हणजे डोक्यावर पडलेली. सासूबाईंनी दोन वेळा ‘अगं बाई’ म्हटलं आणि शेवटी न राहवून पाण्याखाली एक बादली सरकवली. सूनबाई मात्र माझ्या हाताकडे बघत होती. मी काचेची छोटी बाटली काठोकाठ भरली, झाकण लावून उलटी केली, टिचकी मारली.

‘हे कशाला?’

‘आत बुडबुडा राहिला तर पेट्रोलची वाफ त्यात निघून जाते. मग पाण्यात सापडत नाही.’

तिनं मान हलवली. पुढच्या बाटलीला मी टिचकी मारायच्या आत तीच वाकून म्हणाली, ‘न्हाई बुडबुडा.’

मग नळ्या पुरायच्या होत्या. एक भिंतीजवळ, एक मधे आणि एक स्वयंपाकघरात, कारण पंपाच्या बाजूची खोली तीच. जोत्यात अजून मुरूमच भरलेला होता, फरशी व्हायची होती. मी स्वयंपाकघराच्या जागेत शिरले आणि थांबले. मुरमावर पांढऱ्या रांगोळीनं अख्खं स्वयंपाकघर काढलेलं होतं. ओटा, ओट्याशेजारी मांडणी, कोपऱ्यात देव, आणि दाराच्या आतल्या अंगाला एक गोल.

‘ह्यो माठ,’ सूनबाई म्हणाली. ‘दारातून आलं की हाताशी. लगीन होऊन आले तवापासनं मी पाणी वाहून राहिले, म्याडम. पसाभर पाणी येतंय आमच्या नळाला. हितं म्या उठून दोन पावलं चालणार, की पाणी.’

माझ्या मापानं नळी नेमकी त्या गोलात येत होती. मी टेप दोनदा लावून बघितली. तिनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. ‘जराक हिकडं घ्या की,’ ती म्हणाली. मला घेता आली असती, हातभर इकडे घेतल्यानं आकाश कोसळलं नसतं. पण माझा स्वभाव हा असा. पंपाच्या टाकीची रेघ सरळ येते ती त्या गोलावर, तर नळी त्या गोलावरच. मी गिरमिट लावलं. ती बाहेर जाऊन उभी राहिली.

जाताना सासूबाईंच्या मुलानं मला गाठलं. आईनं आणि बायकोनं ऐकू नये म्हणून रस्त्यापर्यंत चालत आला. ‘ताई, खरं काय ते सांगा हं. वाईट आलं तर म्या हे सोडून देणार. भावकीतच ऱ्हाऊ. पर बायकोला आन् आईला ह्या वाफेवर न्हाई बसवणार.’ मी म्हटलं, दादा, जे असेल ते सांगेन. तो बरं म्हणाला, पण हललाच नाही. गाडी निघेपर्यंत तिथंच उभा होता.

मामांना मी सांगितलं की हवा घ्यायला पुढच्या आठवड्यात येऊ, मधे येळवस आहे.

‘ही काय नवीन?’ मामा म्हणाले.

मी बघतच राहिले. येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, लातूरकडे ज्याला ठाऊक नाही असं माणूस नसतं. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही, सगळे रानात. कडब्याची कोप उभी करायची, तिच्यावर शाल घालायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव मांडायचे. डाळी आणि पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मातीच्या बिंदगीत अंबील, म्हणजे ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेलं पेय. ते अंबील ‘ओलगे ओलगे सालम पोलगे’ म्हणत रानाला शिंपायचं. शब्दांचा अर्थ कुणी सांगत नाही, कानडी आहेत म्हणतात. पण नांदेडला, किनवटला यातलं काही नाही. मामा म्हणाले, ‘आमच्यात अमावास्येला गाडी बी काढत न्हाईत, आन् तुम्ही जेवणावळी घालून राहिले.’

लातूरजवळ आमचं थोडं रान आहे. मी सुट्टी घेऊन गेले. आई, भाऊ, वहिनी, भावाची मित्रमंडळी, शहरातून खास भज्जी खायला आलेले पाहुणे. मी बिंदगी घेऊन बांधाबांधानं अंबील शिंपलं, हरभऱ्यातून अनवाणी फिरले, आणि एवढं जेवले की कोपीत आडवी झाले. वर्षातला माझा सर्वांत आवडता दिवस. त्या दिवशी मला राग येत नाही, हे माझा भाऊ दरवर्षी पाहुण्यांना सांगतो. परत निघताना आईनं अंबिलाची बिंदगी माझ्यासोबत दिली. नांदेडच्या खोलीवर ती मी ओट्याखाली ठेवली आणि दोन घोट पिऊन विसरून गेले.

मग परत उदगीरकडे. नळ्या जागेवर होत्या, टोप्या जागेवर होत्या. भिंतीजवळच्या नळीतून हवा सरळ आली, मधल्या नळीतून सरळ आली. स्वयंपाकघरातली नळी मात्र जड लागत होती, आत काही अडकल्यासारखी. मला वाटलं, ओली माती आत सरकली असेल. थोडा जोर लावला, सुटली. स्टीलच्या डब्यात हवा भरून घेतली आणि आम्ही निघालो. सूनबाईनं त्या दिवशी तांब्या पुढे केला नाही. नुसती दारात उभी होती. खरं तर दार अजून बसायचं होतं, ती दाराच्या जागेत उभी होती.

निकाल आले तेव्हा सरांनी मला आत बोलावलं. आमचे सर शांत आहेत. मी दोघांच्या वाटणीचं चिडते, म्हणून त्यांना गरज पडत नाही. बोअरचं पाणी स्वच्छ होतं. भिंतीजवळच्या हवेत पेट्रोलचा जुना अंश होता, तो असणारच होता. मधल्या नळीत काही नाही. आणि स्वयंपाकघरातल्या नळीत अल्कोहोल.

‘हल्लीच्या पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळतात,’ सर म्हणाले. ‘पंप बंद पडला तेव्हा मिसळत नव्हते. म्हणजे हे नवं आहे. त्या आवारात कुणी पेट्रोलचे कॅन साठवत असेल आणि ते झिरपत असेल.’

‘पण सर, पेट्रोलचं बाकी काहीच नाही त्यात. नुसतं अल्कोहोल कसं?’

‘अल्कोहोल पाण्याबरोबर पुढे पळतं. बाकीचं मागून येईल. आत्ता त्यांना घर बांधू दिलं आणि दोन वर्षांनी वाफ आत आली तर? मी ती जागा राहायला योग्य आहे असं लिहू शकत नाही.’

त्यांचं चूक नव्हतं, तेच मला जास्त लागलं. मी बरोबर असते तेव्हा भांडायला मजा येते. समोरचा बरोबर असला की काय करायचं ते मला कळत नाही. मी म्हटलं, दोन दिवस द्या. ते म्हणाले, दोन दिवसांत जमीन बदलत नाही. मग माझं तोंड बघून म्हणाले, बरं, घ्या.

त्या दिवशी मी मामांवर चिडले, टपरीवाल्यावर चिडले, एका मांजरावर चिडले. वाटेत एकसारखं वाटत होतं की मामांनी गाडीत काही सांडलं असेल, मीच नळी नीट धुतली नसेल, डबा खराब असेल. एकेक आठवून बघितलं, कशातच काही सापडेना. आणि मधूनमधून तो रांगोळीचा गोल डोळ्यांपुढे येई. तिला काय सांगणार होते मी? की वहिनी, नेमकं माठाच्या जागीच निघालं? नळी मीच तिथं हट्टानं पुरली होती. हातभर इकडे घेतली असती तर कदाचित काही आलंही नसतं, असा चुकार विचारही मनात आला. मग मी स्वतःवर चिडले, कारण तो विचार तर आणखी वाईट होता.

खोलीवर आले तर आईचा फोन. ‘बिंदगी धुतलीस का गं? लई दिस ठिवू नको, मडक्याचा वास जात न्हाई मग.’ मी धुतली नव्हती. आईला धुतली म्हणून सांगितलं आणि फोन कानाला लावूनच ओट्याखाली वाकले. बिंदगीवरची वाटी काढली.

भपकारा आला. आंबट, आणि आंबटाच्या मागे आणखी एक, नाकात चढणारा, ताडीच्या दुकानासमोरून जाताना येतो तसला. मी तशीच वाकलेली राहिले. आई पलीकडून हॅलो हॅलो करत होती.

आंबवलेल्या पिठात अल्कोहोल तयार होतं, हे मला कॉलेजपासून ठाऊक आहे. अंबील मला जन्मापासून ठाऊक आहे. ही दोन वाक्यं माझ्या डोक्यात वेगवेगळ्या खोल्यांत राहत होती, त्यांची कधी गाठ पडली नव्हती. आणि त्या गावात, त्या रानाच्या तुकड्यावर, आम्ही नळ्या पुरल्या आणि हवा घेतली त्यांच्या बरोबर मधे येळवस होऊन गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मामांना उठवलं. वाटभर मला धड बसवत नव्हतं. गावात पोचले तर मुलगा मिलला गेलेला, सासूबाई आणि सूनबाई जोत्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या. मी नमस्कारही केला नाही.

‘मावशी, येळवशीला इथं काय केलंत?’

सासूबाईंना प्रश्न आवडला. इतक्या दिवसांत मी पहिला शहाणा प्रश्न विचारला, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

‘काय करायचं, सगळं केलं की,’ त्या म्हणाल्या. ‘वावर हाय म्हनल्यावर येळवस चुकवायची कशी? ती बघा तिकडं कोप घातली हुती. पांडव मांडले. भज्जी केली, उंडे केले, सगळं रान शिंपलं.’

‘आणि ह्या नळ्या?’

‘नळ्याला बी घातलं की.’

‘काय घातलं?’

‘अंबील,’ सासूबाई म्हणाल्या. ‘भुईनं तोंड उघडलंय, आन् सणाच्या दिशी तिला उपाशी ठिवायचं व्हय? ह्या दोघींच्या भवती शिंपलं. पर ही सैपाकघरातली. हितं लक्ष्मी यायची. हिला नुसतं शिंपून कसं भागंल? टोपी काढली, चमच्यानं घास घातला, परत टोपी लावली. तोंड झाकून घास कसा भरवायचा, म्याडम?’

मी तिथंच मुरमावर बसले. मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं, आणि दोन्ही एकदम आलं की माझा चेहरा चिडल्यासारखा दिसतो. सूनबाई घाबरली. ‘चुकलं का काही?’

‘काही चुकलं नाही,’ मी म्हटलं. ‘आमच्या रानातसुद्धा हेच केलं मी. त्याच दिवशी.’

‘म्हंजे तुमी आपल्यातल्याच हाव की,’ सासूबाई म्हणाल्या, आणि मांडीवरच्या ओंजळभर शेंगा माझ्या हातात दिल्या. गाव कोणतं, रान किती, कोप कुणी घातली, सगळं विचारून झालं. तेव्हापासून मी त्या घरात म्याडमची ताई झाले. मामा लांबून ऐकत होते. त्यांनी हळूच खिशातली बिडी काढली, माझ्याकडे बघितलं, परत ठेवली. ‘माझ्या बिडीनं काय झालं नसतं ह्याच्यापुढं,’ एवढंच म्हणाले.

पण आनंदून उपयोग नव्हता. अंबील सापडलं म्हणून पेट्रोल नाही असं ठरत नाही. अंबिलाच्या आड ते लपलेलंही असू शकतं. हे मी दोघींना समजावून सांगितलं. जुनी नळी उपसून काढली, तर तळाशी पिठाचा वाळलेला पांढरा गोळा. नवा खड्डा जरा बाजूला पाडायला हवा होता, कारण ती माती आता अंबील प्यालेली. तो रांगोळीच्या गोलाच्या बाहेर, पंपाच्या आणखी जवळ आला. यावेळी गिरमिटाचं एक टोक सूनबाईनंच धरलं. मी सासूबाईंना हात जोडून सांगितलं की मावशी, आता पंधरा दिवस भुईला काही खाऊ घालायचं नाही, धूप नाही, कापूर नाही, सडासुद्धा नाही.

‘आन् जवळ कुणी फिरकलं तर?’

‘तर तुम्ही आहात की.’

त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की मिलमधून आलेल्या मुलाला त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकू देईनात, हे त्यानंच मला नंतर सांगितलं. नळीवर त्यांनी दुरडी पालथी घातली होती आणि दुरडीवर दगड.

नवी हवा घेतली. नांदेडला आले, सरांना सगळं सांगितलं. सर मूळचे दुसऱ्या भागातले, त्यांना मी अंबील म्हणजे काय इथपासून सांगितलं. ते गंभीरपणे ऐकत होते आणि मधेच म्हणाले, ‘चमच्यानं?’ मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. निकाल यायला जे दिवस लागले त्यांत मी कुणावर चिडले नाही. मामांना तेही आवडलं नाही. ‘बरं वाटत न्हाई का?’ म्हणून विचारत राहिले.

निकाल मी उभ्यानंच वाचला. स्वयंपाकघर स्वच्छ. अल्कोहोल नाही, पेट्रोल नाही, काही नाही. भिंतीजवळ जुनं मुरलेलं होतं ते तेवढंच होतं, पुढे सरकलेलं नव्हतं. शोषखड्डा घराच्या दुसऱ्या अंगाला घ्यायचा, पंपवाल्यांनी टाक्या काढेपर्यंत बोअरचं पाणी दरवर्षी तपासायचं, आणि घर बांधायला हरकत नाही. सरांनी सही केली. कागद टपालानं पाठवायची आमची पद्धत आहे. मी म्हटलं, त्या बाजूला माझं काम आहे, जाता जाता देते. सरांनी विचारलंही नाही की काय काम.

पोचले तेव्हा दुपार होती. मुलगाही घरीच होता. फोनवर मी फक्त ‘येते’ म्हटलं होतं, बाकी काही सांगितलं नव्हतं, कारण फोनवर अर्धवट ऐकून माणसं पूर्ण घाबरतात. तिघं जोत्यावर उभे होते, पहिल्या दिवशीसारखे. फक्त सूनबाईच्या हातात तांब्या नव्हता. ती शिकली होती. मी पीत नाही हे तिला पाठ झालं होतं, आणि मला उगाच नाही म्हणायला लावू नये म्हणून तिनं आणलाच नव्हता.

मुलाचे डोळे माझ्या हातातल्या पाकिटावर. सासूबाईंचा पदर तोंडाशी. कागद उघडून आकडे वाचून दाखवावेत, कुठली मर्यादा किती आणि सापडलं किती ते समजावावं, असं मी वाटेत ठरवलं होतं. ते सगळं नंतर केलंही. पण त्या क्षणी त्यांच्या तोंडाकडे बघून मला आकड्यांचा कंटाळा आला.

मी पाकीट जोत्यावर ठेवलं आणि म्हटलं, ‘वहिनी, तहान लागलीय. पाणी देता का?’

मुलगा म्हणाला, ‘गाडीतून बाटली आणू का तुमची?’

‘बाटली नको. तुमच्या बोअरचं द्या.’

मुलाला कळायला एक क्षण लागला. सूनबाईला तेवढाही लागला नाही. तिचा हात तोंडावर गेला, मग ती वळली आणि धावत सुटली. मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. सासूबाईंनी वाकून जमिनीला हात लावला आणि तो कपाळाला लावला. मुलगा पंपाच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, खांदे हलत होते त्याचे. मी त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि रांगोळीकडे बघत बसले. ती वाऱ्यानं पुसट झाली होती. माठाचा गोल मात्र कुणीतरी नव्यानं काढला होता.

बराच वेळ झाला तरी ती येईना. मी डोकावून बघितलं. पाइपातून पाणी धो धो वाहत होतं आणि ती तांब्या रिकामा धरून तशीच उभी होती. शिळं पाणी जाऊ देत होती. मग तिनं पाण्यात हात घालून बघितलं, तांब्या धुतला, काठोकाठ भरला आणि एक थेंब न सांडता जपून पावलं टाकत आली.

मी त्या गोलाशेजारी बसून पाणी प्याले. थंड होतं आणि गोड होतं. अर्धा तांब्या संपला तेव्हा श्वास घ्यायला थांबले, तर तिघंही माझ्या गळ्याकडे बघत होते.

‘आजून देऊ?’ तिनं विचारलं.

मी उरलेला तांब्या संपवला आणि तिच्यापुढे धरला.